कणगी, कॅरबॉय आणि आइस्क्रीमच्या काड्या

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग मराठीत पहिल्यांदा कोणी केला याचा शोध घेत बसण्यात हशील नाही. तो आता म्हणींच्या पंगतीला जाऊन बसला आहे, आणि म्हणीकडे जसा कोणी पुरावा मागत नाही तसा त्याच्याकडेही मागत नाही. वृत्तपत्रांच्या रविवार-पुरवणीतली चौकट, शाळेतला कार्यानुभवाचा तास, महिला मंडळांची उन्हाळी शिबिरे आणि आता मोबाइलवरच्या चित्रफिती अशा वाटेने हा विचार (त्याला विचार म्हणायचे असेल तर) आपल्या घरांत शिरला. अलीकडे त्याला एक नवे प्रयोजन लाभले आहे, ते म्हणजे घर आवरण्याचे. बुटांच्या खोक्यांचे कप्पे करावेत, शीतपेयाची बाटली कापून तिच्यात पेने उभी करावीत, जुन्या जीन्सचे खिसे उसवून ते भिंतीवरच्या कापडावर शिवावेत, पुठ्ठ्याच्या नळ्या एकमेकींना चिकटवून मोजे ठेवण्याची जागा करावी. की झाले घर नीटनेटके आणि झाली पृथ्वीची सेवा.

माझे म्हणणे असे आहे की ही हस्तकला नव्हे, काटकसर तर नव्हेच, आणि व्यवस्थेचे तिला काही कळते असेही दिसत नाही. अन्यत्र कोठे ती निरुपद्रवी असेलही. पालघर आणि बोईसर-तारापूरच्या परिसरात मात्र ती तशी नाही, आणि का नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम साहित्याकडे पाहावे. पालघरात रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना जी नवी गृहसंकुले उभी राहिली आहेत त्यांच्या सभागृहांतून मे महिन्यात अशी शिबिरे भरतात. त्यांपैकी एका शिबिरातली मांडामांड मी सावकाश पाहिली आहे. किल्ल्या अडकवण्याचे स्टँड आइस्क्रीमच्या काड्यांचे होते. परंतु त्या काड्या आइस्क्रीम खाऊन जमवलेल्या नव्हत्या. स्टेशनरीच्या दुकानात अशा कोऱ्या काड्यांची पाकिटे मिळतात, तशी पाकिटे तेथे फोडलेली होती. म्हणजे ज्या वस्तूचा टाकाऊपणा हाच सगळ्या उपक्रमाचा पाया, तीच नवी विकत आणलेली. शिवाय डिंकाची बंदूक, तिच्या कांड्या, ॲक्रिलिकचे रंग, चकमक, चिकट कागद. एक बाटली कचऱ्यात जाण्यापासून वाचवण्यासाठी प्लास्टिकच्याच पाच-सहा नव्या वस्तू घरात येतात आणि अखेरीस बाटली जाते तीही कचऱ्यातच, फक्त रंग फासल्यामुळे आणि चकमक डकवल्यामुळे आता ती भंगारवालाही घेत नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली तेव्हा सजावटीचे थर्माकोलही त्या बंदीत आले. शिबिरवाल्यांनी थर्माकोल सोडले आणि फोमचे रंगीत तक्ते धरले. तत्त्व तेच राहिले.

यावर कोणी म्हणेल, फावल्या वेळचा छंद आहे, मुलांचे हात गुंततात, तुमच्या पोटात का दुखावे? छंदाविषयी माझी तक्रार मुळीच नाही. कोणी काड्यांचा ताजमहाल करावा, मी कौतुकाने पाहीन. तक्रार आहे ती या छंदाने अंगावर पांघरलेल्या उपदेशाविषयी. आम्ही तुम्हांला घर लावायला शिकवतो, जपून वापरायला शिकवतो, हाताने करण्याचे महत्त्व शिकवतो, असा त्याचा दावा आहे. तो दावा तपासण्याचा अधिकार वाचकाला असला पाहिजे.

त्यातही एक गोष्ट मला विशेष खुपते. पालघर जिल्ह्यात अशी कोणतीही वस्तू तयार झाली की तिच्यावर शेवटचा हात म्हणून ‘वारली’ काढली जाते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस झाला, आणि तो पेनांच्या डब्याभोवती नाचू लागला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. त्याच वर्षी वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. आता सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींपासून भेटवस्तूंच्या पिशव्यांपर्यंत ही आकृती सर्वत्र आहे. मूळ प्रथेत ही चित्रे सवाशिणी काढीत. लग्नघरात शेणागेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघट देवीची स्थापना करायची, धवलेरीने गाणी म्हणायची, आणि विधी उरकला की भिंत पुन्हा आपल्या कामाला लागायची. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर असामान्य काम केले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. भिंत बायकांची आणि कागदावरची कीर्ती प्रथम पुरुषाची, हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. तो येथे नको. येथे मुद्दा एवढाच की ज्या घराच्या भिंतीवरून आपण ही माणसे उचलली, त्या घरात वस्तू कशा ठेवल्या जातात याकडे एकाही शिबिराने ढुंकून पाहिलेले नाही. चित्रांत ती ठेवण दिसते: धान्य भरलेल्या कणग्या, डोक्यावरच्या पाट्या, खांद्यावरची कावड. आपण नाचणारी माणसे घेतली आणि कणगी सोडून दिली.

कणगी म्हणजे काय हे सांगण्याची वेळ यावी याचे वाईट वाटते, पण नव्या संकुलांतल्या वाचकासाठी सांगतो. बांबूच्या कामट्या विणून केलेले हे उभे, पोटाकडे फुगलेले, माणसाच्या छातीपर्यंत किंवा त्याहून उंच असे पिंप. ते आतून-बाहेरून शेणमातीने लिंपायचे, जमिनीची ओल लागू नये म्हणून दगडांवर किंवा लाकडी चौकटीवर ठेवायचे, आत भात भरून तोंड पुन्हा लिंपून टाकायचे. भात तुसासकट ठेवायचे, लागेल तसे काढून कांडायचे, कारण तूस ही दाण्याची स्वतःचीच पेटी असते. लिंपलेल्या भिंतीतून थोडी हवा खेळते, त्यामुळे दाणा घुसमटत नाही. उंदराला दात लावायला कडक कडा सापडत नाही. फट पडली तर दुसऱ्या दिवशी मूठभर चिखलाने बुजते. कोणत्या महिन्यात किती उरले हे बाहेरून वाजवून कळते. पंधरा-वीस वर्षांनी कणगी निकामी झाली तर ती मोडून चुलीत जाते किंवा मातीत. टाकाऊ आणि टिकाऊ या दोन शब्दांचे भांडण तेथे उपस्थितच होत नाही.

आणि कणगी एकटी नसते. छपराला टांगलेले शिंके, त्यात भाकरी आणि दुधाचे भांडे, म्हणजे मांजर आणि मुंगी दोघींनाही बंदी. वाळवून पोकळ केलेल्या दुधी भोपळ्याची तुंबी, जिच्यात पाणी राहते आणि जिच्या भाऊबंदांपासून तारपा होतो. तांदूळ धुण्याची रोवळी, पाखडण्याचे सूप, पावसाळा सरला की कुडावर अडकवलेले इरले. कारवीच्या कुडाच्या भिंतीत कोयता नुसता खुपसून ठेवता येतो. खिळाही लागत नाही. या व्यवस्थेत प्रत्येक वस्तूचा आकार तिच्यात काय ठेवायचे त्यावरून ठरतो. दाण्याला काय सोसत नाही, दुधाचा शत्रू कोण, ओल कोठून येते, असे प्रश्न आधी विचारले जातात आणि भांडे मागाहून विणले जाते. आपल्या शिबिरात भांडे आधी होते. त्यात काय ठेवायचे ते घरी गेल्यावर शोधतात. म्हणूनच त्या रंगीत डब्यांतून शेवटी जे सापडते ते म्हणजे तुटकी पेने, जुन्या चार्जरच्या वायरी, एक बटण आणि दोन औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. कचऱ्यालाच कप्पे करून देण्याला आपण आवरणे म्हणू लागलो आहोत.

येथे मी गतकाळाचे गोडवे गातो आहे अशी शंका कोणाच्या मनात येईल. ती येऊ देऊ नये. कणगी भरलेली असण्यासाठी शेत असावे लागते आणि पिकलेले घरात राहावे लागते. या पट्ट्यात वारल्यांच्या हाती दीर्घकाळ ना शेत राहिले ना पीक. जमीनदार आणि सावकार खळ्यावरूनच धान्य उचलीत, पावसाळ्यात खाण्यापुरते दाणे दामदुपटीने ‘खावटी’ म्हणून देत, आणि फेडीपोटी वेठ घेत. १९४५ साली त्याविरुद्ध जो उठाव झाला त्याची हकीकत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे आणि ती वाचल्यावर भरल्या कणगीचे रम्य चित्र कोणी रंगवू शकणार नाही. आजही या जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा-विक्रमगड भागातून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तेव्हा ती माणसे जे घर आवरतात त्याला कप्पे नसतात: दोन बोचकी, एक पातेल्यांची चळत, एक कोंबडी झाकलेली पाटी. सहा-सात महिने पुरेल असे घर टेम्पोच्या एका कोपऱ्यात बसवणे हे कोणत्याही चित्रफितीतल्या ‘ऑर्गनायझर’पेक्षा अवघड काम आहे, आणि ते हौसेने कोणी करीत नाही. कणगीची देवता कणसरी. ती घरात नांदावी म्हणून तिची गाणी गायली जातात. गाण्यात तिला पुन्हा पुन्हा विनवावे लागते यातच सगळे आले.

तेव्हा ही कला का मागे पडली, याचे उत्तर ‘लोक आधुनिक झाले’ इतके सोपे नाही. धान्य गेले, आणि बांबूही गेला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने वृक्षाच्या व्याख्येत बांबूही घातला. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते, पण गार्डाच्या लेखी तो वृक्ष, आणि वृक्ष तोडणारा गुन्हेगार. ज्या हातांना सूप विणता येत होते त्या हातांनी सूप विणण्यासाठी जंगलातून कांब आणली की भीती, चिरीमिरी, कधी कोयताच जप्त. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आणि २०१७ च्या दुरुस्तीने तो वृक्षाच्या व्याख्येतून निघाला. नव्वद वर्षे लागली. एवढ्या काळात प्लास्टिकच्या पाटीने बाजार जिंकला असेल तर तिच्या गुणांपेक्षा त्या व्याख्येचा वाटा मोठा आहे. आज पालघरच्या बाजारात सूप-टोपल्या घेऊन बसणारी बाई आपल्याला दिसते तेव्हा आपण दहा रुपये कमी करायला सांगतो. डिंकाच्या कांड्यांवर छापलेल्या किमतीबद्दल मात्र दुकानदाराशी हुज्जत घातल्याचे ऐकिवात नाही.

हाताने वस्तू करण्याचा आणि शिकवण्याचा दुसरा एक प्रयोग याच परिसरात झाला आहे. तो कधीतरी शिबिरवाल्यांनी अभ्यासावा असे मनापासून वाटते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालशिक्षणाची माँटेसरी पद्धत ताराबाईंना मान्य होती, पण तिची साधने महाग, गुळगुळीत, परदेशी लाकडाची. आदिवासी मुलांसाठी ती आणायची कोठून? त्यांनी शिंपले घेतले, बिया घेतल्या, खडे, पाने, काटक्या घेतल्या. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळा पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. अंगणवाडी हा आज देशभर चालणारा शब्द या धडपडीतून आला आहे.

बाह्यतः पाहिले तर तेही ‘टाकाऊतून टिकाऊ’च होते. फरक कोठे आहे? चिंचोके आणि करंजाच्या बिया मुलाच्या पुढ्यात टाकल्या जात त्या त्याने त्यांचा फुलदाणीवर नक्षीकाम करावा म्हणून नव्हे. त्याने त्या निवडाव्यात, सारख्यांचे ढीग करावेत, लहान-मोठे, हलके-जड ओळखावे, मोजावे म्हणून. वर्गवारी हेच ते शिक्षण. आणि घर आवरणे म्हणजे तरी वर्गवारीवाचून दुसरे काय असते? कोणते रोज लागते, कोणते सणाला, कोणते पावसाळ्यात, कोणते मुळीच नाही, हे ठरवता आले की मोडक्या फळीवरही घर लागते. ते ठरवता आले नाही तर पन्नास डबे रंगवले तरी पसारा पसाराच राहतो, फक्त त्याला झाकणे येतात. कोसबाडच्या प्रयोगात साधन फुकटचे होते पण प्रश्न खरा होता. आपल्या शिबिरात साधन विकतचे असते आणि प्रश्न विचारलेलाच नसतो.

आता बोईसरकडे येऊ, कारण माझा मूळ आक्षेप तेथला आहे.

तारापूर औद्योगिक वसाहत नावाने तारापूरची असली तरी ती आहे बोईसरला. (किनाऱ्यावरच्या तारापूरच्या वाट्याला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र आले, वसाहतीने त्याचे फक्त नाव उचलले.) रसायने, औषधांचे मूळ द्रव्य, कापड, पोलाद असे सगळे येथे होते. कामगार उत्तर प्रदेशापासून ओडिशापर्यंतचे आणि शेजारच्या पाड्यांवरचेही. ते राहतात त्या चाळींतली खोली दहा बाय दहाची, फार तर दहा बाय बाराची. एकटे असतील तर एका खोलीत चार-पाच जण, पाळ्या वेगवेगळ्या, म्हणजे एकाच अंथरुणावर दिवसा एक आणि रात्री दुसरा. कुटुंब असेल तर त्याच खोलीत स्वयंपाक, मोरी, अभ्यास आणि देव.

गृहव्यवस्थेची खरी हस्तकला पाहायची असेल तर ही खोली पाहावी. खाटेच्या पायांखाली दोन-दोन विटा, कारण त्यामुळे खाली पत्र्याची पेटी सरकते आणि पेटीपुढे कांद्याची पाटी. भिंतीच्या वरच्या कडेने चारी बाजूंनी एक फळी. तिच्यावर सणाची भांडी, गावी न्यायची बॅग, गोधड्या. दोन खिळ्यांमधली दोरी ही कपाट, जुनी साडी ही भिंत. पंख्याला धक्का न लागता टांगता येईल ते सर्व टांगलेले. गोधडी स्वतःच एक साठवण आहे: उन्हाळ्यात ती घडी होऊन बैठक होते, पावसाळ्यात पांघरूण, आणि तिच्या थरांत घरातल्या सगळ्या निकामी कपड्यांची विल्हेवाट लागलेली असते. ही माणसे ‘अपसायकलिंग’ हा शब्द उच्चारीत नाहीत. त्यांच्या कौशल्याला पुरवणीत चौकट मिळत नाही, कारण ते फोटोत चांगले दिसत नाही. टोपलीत पांढऱ्या फिती लावलेली, खिडकीतून तिरपा उजेड पडलेली खोली हवी. वीट दिसता कामा नये. पालघरच्या संकुलातल्या कोणत्याही शिबिराने या चाळीतल्या बाईला शिकवण्यासाठी एकदा व्यासपीठावर बोलावावे, अशी माझी सूचना आहे. ती येईल की नाही सांगता येत नाही, कारण तिची पाण्याची वेळ असेल.

पाणी. या खोलीतला साठवणीचा सर्वांत कठीण प्रश्न मोज्यांचा किंवा किल्ल्यांचा नसून पाण्याचा आहे. नळ येतो तो ठरावीक वेळेला, कधी एक दिवस सोडून, कधी टँकर. पाणी भरून ठेवायचे कशात? बोईसरच्या चाळींतून फिरले तर उत्तर प्रत्येक दारापुढे उभे असते: निळा ड्रम. दोनशे लिटरचा, जाड प्लास्टिकचा, वरचे तोंड कापून मोठे केलेला. किंवा पस्तीस-पन्नास लिटरचा कॅन, ज्याला कारखान्यात कॅरबॉय म्हणतात. काही नवे असतात. पुष्कळसे भंगाराच्या दुकानातून आलेले असतात. दुकानात विचारले, यात काय होते, तर उत्तर ठरलेले आहे: साबणाचे पाणी. मी वेगवेगळ्या दुकानांतून विचारले आहे, आणि या वसाहतीत इतका साबण कोण करतो असा प्रश्न मला पडला आहे. लेबल खरवडलेले असते. तळाशी त्रिकोणात दोनचा आकडा असतो, तो दाखवून ‘चांगल्या क्वालिटीचा आहे’ असेही सांगितले जाते. तो आकडा प्लास्टिक कोणत्या जातीचे एवढेच सांगतो. आत काय भरले होते याची त्याला खबर नसते.

हा ड्रम म्हणजे ‘टाकाऊतून टिकाऊ’चा कळस आहे. वस्तू खरोखर टाकलेली आहे, खरोखर टिकते, स्वस्त आहे, उपयोगी आहे, आणि नेमकी तीच घरात येता कामा नये. हे प्लास्टिक लोखंडासारखे नसते. विद्रावके, कीटकनाशके, कित्येक सेंद्रिय रसायने त्याच्या अंगात जिरतात आणि पुढे महिनोन्महिने थोडी थोडी बाहेर येत राहतात. राखेने घासले, सोडा घालून उन्हात ठेवले, वास गेला, म्हणजे विष गेले असे होत नाही. नाकाला कळत नाही इतकेच. कायद्याला हे ठाऊक आहे. धोकादायक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत, घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे आणि भांडी ही स्वतःच धोकादायक कचरा म्हणून नोंदलेली आहेत. ती परवानाधारकाकडेच गेली पाहिजेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले आले होते. येथल्या सांडपाण्याने खाडी आणि समुद्र नासल्याची तक्रार घेऊन मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, हे सर्वश्रुत आहे. पाइपातून बाहेर पडणाऱ्या विषाबद्दल निदान खटला तरी चालतो. ड्रमातून घरात शिरणाऱ्या विषाबद्दल कोणी विचारीत नाही, कारण त्याच्यावर पुनर्वापराचे पुण्य चिकटलेले आहे.

आणि येथे शिबिरांची जबाबदारी सुरू होते. चाळीतली बाई शिबिर पाहून ड्रम आणत नाही हे मला माहीत आहे. ती तो आणते कारण नवा ड्रम परवडत नाही. पण ‘काहीही फेकू नका, प्रत्येक वस्तूचा दुसरा उपयोग असतो’ हे सरसकट वाक्य जेव्हा शाळा, पुरवण्या आणि मंडळे पन्नास वर्षे घोकून घेतात, तेव्हा वस्तूला तिचा पूर्वेतिहास विचारण्याची सवय मोडते. वारली बाई तुंबीसाठी भोपळा निवडते तेव्हा कडू कोणता, गोड कोणता, कोणत्या तुंबीत किती दिवस पाणी मुरवून ओतून द्यायचे, हे तिला ठाऊक असते. भांड्याचा स्वभाव ओळखणे हा त्या कलेचा पहिला पाठ आहे. आपल्या शाळेतला मुलगा कार्यानुभवाच्या तासाला कीटकनाशकाचा डबा आणतो, त्याला सोनेरी रंग देतो आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

कारखान्यांकडे बोट दाखवून यातून सुटता येणार नाही, पण बोट दाखवलेच पाहिजे. रिकामा ड्रम फाटकाबाहेर जाण्यापूर्वी त्याला आरपार भोके पाडणे ही काही अवघड यंत्रविद्या नाही. एक ड्रिल आणि एक माणूस पुरतो. ते होत नाही कारण अखंड ड्रमाला भंगारात भाव जास्त मिळतो. या भावातली तफावत म्हणजे चाळीतल्या पाण्याची किंमत. पालघर-बोईसरच्या संकुलांत राहणाऱ्या, शिबिरांना मुले पाठवणाऱ्या कुटुंबांपैकी किती जण याच कारखान्यांत गुणवत्ता, भांडार, सुरक्षा या खात्यांत काम करतात? प्रत्येक रसायनाबरोबर त्याच्या धोक्यांचे माहितीपत्रक येते हे त्यांना पाठ असते. त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर मुलगी बाटली रंगवीत असते. दोन गोष्टींचा सांधा जुळवून देण्याइतके कार्य तरी त्यांच्याकडून अपेक्षिणे गैर होईल का?

तेव्हा पुढल्या मे महिन्यासाठी माझा प्रस्ताव असा आहे. काड्यांची पाकिटे आणू नयेत. विक्रमगडकडच्या एखाद्या विणकर बाईला तिची दिवसाची मजुरी, प्रवासखर्च आणि बांबूची किंमत आगाऊ देऊन बोलवावे, आणि तिने सांगेपर्यंत कोणी कामटीला हात लावू नये; मुलांची पहिली टोपली वाकडी होईल, ती वाकडीच घरी न्यावी आणि तिच्यावर काहीही रंगवू नये. दुसऱ्या दिवशी बोईसरच्या भंगार बाजारातून एक निळा ड्रम विकत आणून सभागृहाच्या मध्यभागी ठेवावा. ज्यांना कारखान्यातले कळते अशा पालकांनी पुढे यावे आणि खरवडलेल्या लेबलाची जी दोन-चार अक्षरे उरली असतील ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवावीत.